आधी वहिनींची नोकरी बघा

चिपळूणजवळच्या एका जोडप्याचा प्रश्न आला आहे. नवरा ३४ वर्षांचा. आधी डिप्लोमा, मग मेकॅनिकल बी.ई., आणि आता लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला. बायको बी.एस्सी. नर्सिंग, खासगी हॉस्पिटलात आयसीयूमध्ये सहा वर्षं. मुलगी पहिलीत. नवरा लिहितो, "कायमचं बाहेर जायचं आमचं ठरलंय, पण कॅनडा, जर्मनी की आखात ते कळत नाही. माझा विचार असा, की आधी मी व्हिजिटवर दुबईला जातो, नोकरी बघतो, बस्तान बसलं की दोघींना बोलावतो. इथला एक एजंट कॅनडाच्या जॉब ऑफरचे चार लाख मागतोय. देऊ का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नका देऊ. परदेशातल्या मालकासाठी इथे माणसं भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घ्यायचा, असा नियम आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. चार लाख मागणारा बहुधा त्या यादीत नसतो. असलाच तर पावती ३०,००० ची देतो आणि बाकीचे रोखीत मागतो. शिवाय कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुण देऊन कायमच्या रहिवासासाठी माणसं निवडण्याच्या पद्धतीत, जॉब ऑफरला जे जादा गुण मिळायचे, ते मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. म्हणजे कागद खरा निघाला तरी ज्या फायद्यासाठी तुम्ही तो विकत घेणार, तो फायदाच उरलेला नाही. हे त्या एजंटाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात बायकोच्या शिक्षणाला एक ओळ आहे आणि तुमच्या बेतांना दोन पानं. कोकणात हे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. आजोबा गिरणीत गेले, आजी गावाला राहिली. खेड-दापोलीकडचे कितीतरी जण कुवेत-सौदीला गेले, बिऱ्हाड मागे राहिलं. पुरुष पुढे आणि घर मागे, ही चाकरमान्यांची रीत आपल्या अंगात इतकी भिनली आहे की घरात कुणाच्या हातात जास्त चालणारं काम आहे, हे कुणी विचारतच नाही. मी बरीच वर्षं आखातातल्या कंपन्यांसाठी माणसं निवडायचं काम केलं, आता रत्नागिरीत बसून लोकांचे कागद बघतो. तुमच्या घराचा कागद बघून माझं मत स्पष्ट आहे: पुढे वहिनींनी जायचं, मागून तुम्ही. मेंटेनन्स इंजिनिअर प्रत्येक देशात त्यांचे त्यांचे असतात. आयसीयूतली अनुभवी नर्स मात्र निम्म्या जगाला हवी आहे.

लोक देश आधी ठरवतात, मग तिथे काम शोधायला लागतात. उलटं करा. आपलं काम त्या देशात परवान्याचं आहे की बिनपरवान्याचं, हे आधी बघायचं. नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट, शिक्षक यांना बहुतेक सगळीकडे परवाना लागतो. नुसत्या डिग्रीवर कुणी उभं करत नाही. सॉफ्टवेअर, अकाउंट्स, प्लांटमधलं मेंटेनन्स यांना बहुतेक ठिकाणी मालकाची पसंती पुरते. पण अपवाद आहेत, आखातातही. सौदीत इंजिनिअरला तिथल्या कौन्सिलची नोंदणी लागते. कुवेतमध्ये इंजिनिअरिंग सोसायटी तुमचं कॉलेज एनबीए (आपल्याकडचं तंत्रशिक्षणाला मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त होतं का, ते बघते. त्यावरून आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं घोडं अडलं, आणि बरीच वर्षं काम केलेल्यांच्या व्हिसावरचं इंजिनिअर हे पदही गेलं. परवान्याचं काम म्हटलं की लोक दचकतात. पण परवाना म्हणजे काय करायचं ते लिहून ठेवलेलं असतं: कुठली परीक्षा, किती गुण, कुठले कागद. बिनपरवान्याच्या कामात सगळं मालकाच्या मर्जीवर, आणि तो मालक तुम्हाला ओळखतही नाही.

वहिनींपुढे तीन वाटा आहेत.

आखाताची वाट सगळ्यांत जवळची. डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी, प्रोमेट्रिक या कंपनीची संगणकावरची परीक्षा, मग त्या-त्या ठिकाणचा परवाना. इंग्रजी चालतं, आणि चिपळूणहून दुबई मनाने मुंबईइतकीच जवळ. पण तुम्ही "कायमचं" असं लिहिलंय. आखातात साधारणपणे नोकरी आहे तोवर राहणं. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. पैसे साठवायला आखात चांगलं, पण तुम्ही म्हणता तसं नवं आयुष्य उभारायला नाही. तरी जायचंच झालं तर एक लक्षात ठेवा: २०१५ पासून आखातातल्या बहुतेक देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सला, पासपोर्ट कुठलाही असो, भारत सरकारची उत्प्रवासन परवानगी (कामासाठी देश सोडण्याची परवानगी) घ्यावी लागते. व्हिजिटवर नेऊन तिथे व्हिसा बदलून घेऊ म्हणणारा तिला त्या संरक्षणाच्या बाहेर काढतोय.

ब्रिटनची वाट ओळखीची आहे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५, किंवा त्याऐवजी ओईटी ही आरोग्यसेवेतल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. मग संगणकावरची परीक्षा इथूनच देता येते आणि ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तिथे जाऊन. नवरा-मुलांना नेता येतं. मात्र केअर वर्करचा (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांचा) व्हिसा आणि नर्सचा व्हिसा यांत गल्लत करू नका. केअर वर्करची परदेशातून भरती जुलै २०२५ मध्ये बंद झाली, तरी त्या नावाने पैसे घेणारे अजून फिरताहेत. नर्सच्या जागाही काही वर्षांपूर्वीइतक्या सुटत नाहीत.

आणि जर्मनी. तुमच्यासाठी मी हीच वाट धरीन. वहिनींचा त्यात फायदा आहेच, पण खरं कारण तुमच्या कामात आहे, त्यावर पुढे येतो. आधी अडचण सांगतो, कारण ती मोठी आहे: भाषा. भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात; पूर्ण मान्यतेसाठी नर्सला जर्मन बी-२ पातळीची लागते, व्हिसासाठी बऱ्याचदा बी-१ वर काम निघतं. ए-१ पासून बी-२ पर्यंत नोकरी सांभाळून वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं. वर्ग आता ऑनलाइन असतात, परीक्षेला मुंबई किंवा पुण्याचं मॅक्स म्युलर भवन. रात्रपाळी करून आलेल्या बाईने सकाळी क्रियापदं पाठ करायची हे सोपं नाही. त्या काळात घरातलं स्वयंपाकपाणी कोण बघणार, याचा निर्णय आधी करा. तो झाला नाही तर बाकीचे निर्णय कागदावरच राहतात.

मान्यतेचा अर्ज केला की त्या राज्याचं खातं तिची डिग्री तपासून काय कमी पडतं ते लेखी कळवतं. मग तिकडे गेल्यावर एकतर हॉस्पिटलातच काही महिन्यांचं प्रशिक्षण, नाहीतर ज्ञान-परीक्षा. तोवर हुद्दा सहायकाचा आणि पगारही तसाच. हे इथून कुणी सांगत नाही, म्हणून मुली पहिल्या पगाराला रडतात. दुसरी गोष्ट, तिथली नर्स रुग्णाला आंघोळ घालते, भरवते, कूस बदलते, कपडे बदलते. आपल्याकडे हे काम मावशी, आया आणि नातेवाईक करतात. सहा वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेल्या सिस्टरला ते खालचं वाटतं. तिथे ते नर्सिंगचंच काम मानतात. वहिनींना आधी सांगा. ज्यांना आधी माहीत असतं त्या टिकतात, असं मी पाहिलंय.

आता तुमचं. नर्स म्हणून तिचं बस्तान बसलं आणि तुम्ही कुटुंब म्हणून गेलात, की तिथे तुम्हाला नोकरी करायची मोकळीक मिळते. नोकरीचा वेगळा व्हिसा, पगाराची अट, काही मागे लागत नाही. एकट्याने थेट गेलात तर ब्लू कार्डला, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्याला, वर्षाचा पगार किमान किती हवा याची अट आहे. २०२५ साली ती ४८,३०० युरो होती आणि इंजिनिअरसारख्या तुटवड्याच्या कामांना ४३,७६० च्या आसपास. जर्मन न येणाऱ्या मेंटेनन्सवाल्याला एवढ्या पगाराची ऑफर चिपळुणात बसून मिळवणं महाकठीण. २०२४ च्या जूनपासून तिथे नोकरी शोधायला वर्षभराचं चान्सनकार्टे नावाचं परवानापत्र सुरू झालंय; शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे मिळून सहा गुण लागतात. पण त्यासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी बँकेत अडकवावे लागतात, आणि तुमच्या घरात ते पैसे कुठून येणार हे तुम्हालाच माहीत.

म्हणून वहिनींनी हॉस्पिटल निवडताना नकाशा तुमच्या कामाचा समोर ठेवायचा. नर्स तिथे प्रत्येक गावात हवी आहे. केमिकल प्लांट मात्र प्रत्येक गावात नाही. ऱ्हाइनकाठी लुडविग्सहाफेन, कोलोनजवळ लेव्हरकुझेन आणि डोरमागेन, फ्रँकफुर्टचं ह्योख्स्ट, पूर्वेला लॉयना आणि बिटरफेल्ड, दक्षिणेला बुर्गहाउझेन, हे सगळे रसायन उद्योगाचे पट्टे. यांतल्या एकाच्या तासाभराच्या अंतरात तिला हॉस्पिटल मिळालं, तर लोट्यात जे हात चालवलेत तेच तिथे चालतील. हे न करता एखाद्या छान डोंगराळ गावात नोकरी घेतलीत, तर तुम्ही गोदामात खोकी उचलत बसाल. आणि बी.ई. झालेला माणूस गोदामात तीन वर्षं राहिला की त्याला परत प्लांटमध्ये सहसा घेत नाहीत.

तिथे तुमची बी.ई. कशी धरली जाते, ते अनाबिन नावाच्या जर्मन सरकारी यादीत दिसतं. आधी विद्यापीठ शोधायचं, त्यासमोर एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का बघायचं, मग पदवीचा प्रकार. पदवी यादीत नसेल तर झेडएबी नावाच्या कार्यालयाकडून फी भरून लेखी तुलना मागवता येते. तुमच्याबाबत एक गाठ नक्की पडेल. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलांच्या बी.ई.च्या गुणपत्रिका तीनच वर्षांच्या असतात. परदेशातला माणूस विचारतो, चार वर्षांच्या पदवीचं पहिलं वर्ष कुठे गेलं? म्हणून तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोम्याच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका न मागताच बरोबर जोडायच्या.

कागदांचं काम आत्ताच सुरू करा, इथे आहात तोवर. परदेशातून मुंबई विद्यापीठाच्या खिडकीवर कुणाला उभं करणार? तुमचे ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेले सगळ्या वर्षांच्या गुणांचे उतारे) मुंबईहून, वहिनींची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असणार, म्हणजे ते नाशिकहून. तिची नोंदणी आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून. २०२१ च्या २२ जुलैच्या पुरात तुमच्याकडे किती घरांतले कागद वाशिष्ठीने नेले, ते मी सांगायला नको. भिजून शाई उतरलेली गुणपत्रिका लॅमिनेट करून ठेवली असेल तर ती पाठवू नका, दुय्यम प्रत काढा. तुमची दहावी कोकण मंडळ वेगळं होण्याआधीची असणार, म्हणजे गुणपत्रिकेवर कोल्हापूर विभागीय मंडळ असेल. अर्ज भरताना तेच नाव लिहा, आजचं नको.

नावांची भानगड मात्र सगळ्यांत जास्त वेळ खाते. आपल्याकडे मंडळाच्या कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव; मुंबई विद्यापीठ त्यापुढे आईचंही नाव लावतं. वहिनींची डिग्री आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट आणि पॅन सासरच्या. बाहेरच्या तपासनिसाला हे एकच माणूस वाटत नाही, दोन बायका वाटतात. यावर उपाय सगळे कागद बदलत बसणं हा नव्हे, त्यात दोन वर्षं जातील. विवाह नोंदणीचा दाखला हवा, तोच माहेर आणि सासर जोडतो. तुमच्या लग्नाची नोंद झालेली नसेल तर उद्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जा. लग्नपत्रिका आणि फोटोंवर जर्मनीत काही होत नाही. नोंदीत तुमची नावं पासपोर्टवर आहेत त्याच अक्षरांत लिहिली जाताहेत का, हे समोर उभं राहून बघा. ग्रामसेवकाने घाईत एक वेलांटी चुकवली की पुढे प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं.

ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आपल्या परराष्ट्र खात्याने मारलेला शिक्का, याबद्दल लोकांचा गोंधळ असतो म्हणून थोडक्यात सांगतो. भारत २००५ पासून ॲपोस्टिलच्या करारात आहे, कॅनडा २०२४ च्या जानेवारीत आला, आणि ओमानला ते चालतं. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र वकिलातीचा शिक्काच लागत आलाय. भारताच्या ॲपोस्टिलवर जर्मनीचा आक्षेप असल्याने तिथली कार्यालयं काय मागतात ते त्यांनाच लेखी विचारा, उगाच दलालाकडून हजारोंचे शिक्के मारून घेऊ नका.

अनुभवाचं पत्र ही लोट्याकडच्या मुलांची खरी दुखरी नस. किती जण कंपनीच्या गेटमधून रोज आत जातात, पण पगार ठेकेदाराकडून घेतात. मग पत्र ठेकेदाराचं, त्यावर "फिटर" किंवा नुसतंच "स्टाफ". तुम्ही कंपनीच्या पटावर आहात की नाही हे तुम्ही लिहिलं नाही. नसाल तर आत्तापासून पीएफचं पासबुक, फॉर्म १६, पगार जमा झालेली बँकेची पानं आणि गेटपास असं सगळं साठवा. पत्रात हुद्दा, कामं, आठवड्याचे तास, पगार आणि तारखा असाव्यात. साहेबांना मसुदा तुम्हीच टाइप करून द्या, ते सही करतील. राजीनामा देताना नव्हे, त्याच्या आधी, मर्जीत असताना.

आणि बायोडेटा. आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल दोन वाक्यं जास्त बोलला की फुशारकी मारतो म्हणतात. म्हणून मला येणाऱ्या प्रत्येक बायोडेटात तेच वाक्य असतं: "मेंटेनन्सची सर्व कामं पाहतो." हे वाचून कुणालाच काही कळत नाही. तुमच्यासारख्या माणसाने असं लिहायला हवं: ग्लास-लाइन्ड रिॲक्टर किती आणि केवढ्या क्षमतेचे, पंप किती, मेकॅनिकल सील स्वतः बदलता की बाहेरून माणूस येतो, वर्षाच्या शटडाउनचं वेळापत्रक कोण आखतं, प्लांटमधल्या धोक्याच्या कामांच्या परमिटवर कोण सही करतं, पंप बंद पडण्याचं प्रमाण तुमच्या काळात किती कमी झालं आणि कशामुळे. जन्मतारीख, जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, "वरील माहिती खरी आहे" हे सगळं काढा. दोन पानं पुरेत. नोकरीच्या मुलाखतीत तो मॅनेजर सीलचा प्रश्न विचारील, आणि तुम्ही आपल्या प्लांटमधली खरी घटना सांगितलीत तर तुमचं मोडकंतोडकं जर्मन तो चालवून घेईल.

तुमच्या दुबईच्या बेताबद्दल: व्हिजिटवर काम करणं बेकायदा आहे, आणि तिथला कायदा भरतीचा खर्च मालकाने करायचा असं सांगतो. व्हिसाचे पैसे पगारातून कापतो म्हणणारा मालक पहिल्या दिवशीच ओळखावा. थायलंडला डेटा एन्ट्री, एक लाख पगार, अशा जाहिराती तर वाचूही नका. तिथून म्यानमार आणि कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोचलेल्या भारतीय मुलांना सोडवून आणावं लागलंय.

वहिनींच्या करारातही बघायची एक जागा आहे. जर्मन सरकारचा नर्सच्या न्याय्य भरतीसाठी एक गुणवत्ता-शिक्का आहे. तो असलेल्या एजन्सीने नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नसतात, खर्च हॉस्पिटलचा. एजन्सीला तो शिक्का आहे का विचारा. पण "इतकी वर्षं सोडून गेलात तर भाषेचा खर्च परत करा" असं कलम बरेच जण घालतात. किती वर्षं आणि किती रक्कम, आणि ती दर वर्षी घटत जाते का, हे सही करण्याआधी विचारा.

मुलीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. तिथे शाळा फुकट, पण लहान मुलांची शाळा दुपारीच सुटते आणि दुपारनंतरच्या सांभाळाच्या जागा सगळीकडे पुरत नाहीत. वहिनी पाळ्यांमध्ये, आजी चिपळुणात. म्हणून पहिलं वर्षभर तुमची नोकरी नसणं ही आपत्ती समजू नका, त्या काळात घर तुम्हीच सांभाळायचंय. मुलीला शाळेतून आणायचं, स्वतः बी-१ पूर्ण करायचं, मग प्लांटचे अर्ज. गावात कोण काय म्हणेल याची तयारी ठेवा, म्हणतीलच.

शेवटी, गुहागरला कलमांची जागा बघून ठेवलीय आणि "तिकडून पैसे पाठवून घेऊ" असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. अनिवासी झालात की परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे भारतात शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही. आधीची असलेली ठेवता येते, वारशाने आलेलीही चालते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असल्याचा दाखला लागतोच, तो वडिलांच्या सातबाऱ्यावरून आत्ता निघेल. जागा खरंच घ्यायची असेल तर खरेदीखत जायच्या आधी करा, आणि एजंटाला द्यायचे ठरवलेले चार लाख त्यातच घाला.